तगादा, समन्स आणि गावाचे तिकीट

काळाचौकीच्या एका वाचक भगिनीचे पत्र, थोडे संक्षिप्त करून:

"सप्रेम नमस्कार. माझ्या पतीची परळला दहा वर्षे खाणावळ होती. आधी कार्यालयांचे डबे कमी झाले आणि त्यातच त्यांची हृदयाची शस्त्रक्रिया झाली, त्यामुळे ती बंद करावी लागली. बँकेच्या वैयक्तिक कर्जाचे ४,८०,००० रुपये बाकी आहेत आणि सात हप्ते थकले आहेत. वसुलीवाले रात्री दहाला फोन करतात; मागच्या आठवड्यात त्यांनी आमच्या चाळीच्या सेक्रेटरींनाही फोन केला. पतपेढीचे १,६०,००० रुपये देणे आहे, त्याला माझा धाकटा भाऊ जामीन आहे, आणि आता उपनिबंधकांच्या कार्यालयातून कलम १०१ची नोटीस आली आहे. तिसरे देणे एका ओळखीच्या गृहस्थांचे. त्यांनी दोन वर्षांपूर्वी शस्त्रक्रियेच्या वेळी दीड लाख रुपये महिना पाच टक्क्यांनी दिले आणि सही केलेला कोरा चेक ठेवून घेतला. चौदा महिने आम्ही साडेसात हजार रुपये व्याज यूपीआयने भरले, पुढे जमले नाही. त्यांनी चेकवर तीन लाख लिहून तो बँकेत टाकला आणि तो परत गेला. वकिलाची नोटीस आली तेव्हा पतीने घाबरून ती न घेता पोस्टमनला परत पाठवले. आता बोरिवलीच्या न्यायालयाचे समन्स आले आहे. पतीला कँटीनमध्ये २२,००० रुपये पगार आहे, मला दवाखान्यात १८,०००. महिन्याला आठ-नऊ हजार बाजूला पडू शकतात. मंगळसूत्र सोडून लाखभराचे सोने आहे. खोली सासूबाईंच्या नावावर आहे. दीर म्हणतात, सगळे थंड होईपर्यंत दोघांनी मालवणला गावी जाऊन राहावे. तसे करावे का? पतीला तुरुंगात टाकतील का?"

ताई,

गावी जाण्याच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण बाकी सर्व त्यावर अवलंबून आहे. जाऊ नका. तुमच्या दिरांनी हे काळजीपोटी सुचवले असणार, आणि माणूस नजरेआड झाला की तगादा थांबतो असा आपल्याकडे जुना समजही आहे. परंतु तुमच्या घरी आलेले कागद तुम्ही हजर नसल्याने थांबणारे नाहीत, उलट तुमची बाजू न ऐकताच पुढे सरकणारे आहेत. बोरिवलीच्या तारखेला पती गेले नाहीत, तर न्यायालय आधी जामीनपात्र आणि नंतर अजामीनपात्र वॉरंट काढू शकते. उपनिबंधकांकडे कोणी गेले नाही, तर पतपेढीने मांडलेला आकडा जसाच्या तसा मान्य होऊ शकतो, आणि मग वसुली अधिकारी मालवणला न जाता तुमच्या भावाच्या कार्यालयात जातील.

तुमच्या मूळ पत्रात सर्वांत जास्त ओळी बँकेच्या वसुलीवाल्यांविषयी आहेत आणि समन्साविषयी एकच ओळ आहे. हे अगदी स्वाभाविक आहे. रात्री दहाला वाजणाऱ्या फोनने झोप उडते, टेबलावरच्या पाकिटाने उडत नाही. मी गेली अनेक वर्षे कर्जात सापडलेल्या कुटुंबांचे कागद वाचत आले आहे आणि जवळजवळ प्रत्येक घरात हेच पाहिले आहे की, जो जास्त ओरडतो त्याला आधी पैसे दिले जातात आणि जो शांतपणे न्यायालयात गेला आहे त्याच्याकडे लक्ष जाते तेव्हा मुदत संपलेली असते. तुमच्या बाबतीत क्रम असा असावा: आधी चेकचा खटला, मग पतपेढी, आणि सर्वांत शेवटी बँक.

चेकच्या खटल्याविषयी सविस्तर लिहिते. साधे कर्ज न फेडणे हा आपल्याकडे गुन्हा नाही, ते दिवाणी देणे आहे; मात्र चेक न वटणे हा पराक्राम्य संलेख अधिनियमाच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या) कलम १३८ खाली गुन्हा आहे आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हे वाचून घाबरू नका, कारण हा गुन्हा जामीनपात्र आहे आणि कलम १४७ प्रमाणे दोन्ही पक्षांच्या संमतीने तो कोणत्याही टप्प्यावर मिटवता येतो. चेक परत गेल्याचे बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस पाठवावी लागते, ती मिळाल्यापासून पैसे देण्यासाठी १५ दिवस असतात, आणि ती मुदत संपल्यावर एका महिन्यात तक्रार दाखल करावी लागते. या तारखा तुमच्या वकिलांनी चेकच्या परतीच्या मेमोवरून आणि पाकिटावरच्या शिक्क्यांवरून तपासल्या पाहिजेत, कारण तक्रारदाराची एखादी मुदत चुकली असेल तर तो मुद्दा पहिल्याच टप्प्यावर मांडता येतो. नोटीस मिळालीच नाही, असा बचाव मात्र घेऊ नका. बरोबर पत्त्यावर पाठवलेले आणि घेण्यास नकार दिलेले पाकीट कायद्याच्या दृष्टीने मिळालेलेच धरले जाते, आणि जी गोष्ट तुम्हाला स्वतःलाच खोटी वाटते तिच्या आधारावर उभे राहून बाकीच्या खऱ्या मुद्द्यांची किंमत कमी करू नये.

कोरा चेक दिला होता, रक्कम त्यांनी भरली, म्हणजे खटला आपोआप पडेल असे तुम्हाला कोणी सांगितले असेल तर तेही खरे नाही. सही तुमच्या पतीची असेल, तर चेक कर्जाच्या देण्यापोटीच दिला होता असे न्यायालय गृहीत धरते, आणि सही केलेल्या कोऱ्या चेकलाही हे गृहीतक लागू होते असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. ते खोडून काढण्याची जबाबदारी तुमच्या पतीवर येते. पण ते खोडण्यासाठी फौजदारी खटल्यात लागतो तसा संशयातीत पुरावा लागत नाही; तुमचे म्हणणे अधिक संभवनीय आहे असे दाखवले तरी पुरते. येथे तुमच्या हातात खरोखर चांगली गोष्ट आहे, ती म्हणजे चौदा महिन्यांचे यूपीआयचे हप्ते. चेक दिल्यानंतर आणि तो बँकेत टाकण्यापूर्वी देण्यातील काही भाग फेडला गेला असेल, आणि त्याची नोंद चेकवर न करताच पूर्ण रकमेसाठी तो वटवायला टाकला असेल, तर कलम १३८चा गुन्हा होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिला आहे. तुमच्या खटल्याला तो कितपत लागू होतो याचा युक्तिवाद वकिलांनी करायचा आहे, परंतु त्यासाठी कर्ज मिळाल्याच्या दिवसापासूनचा बँकेचा शिक्क्यासह उतारा आजच मागवा. फोनमधील छायाचित्रांवर विसंबू नका, फोन बिघडतो.

आता आकड्यांकडे पाहू. महिना पाच टक्के म्हणजे वर्षाला साठ टक्के. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे परवान्याशिवाय सावकारीचा धंदा करणे गुन्हा आहे, परवानाधारक सावकारालाही शेतकरी नसलेल्या कर्जदाराकडून विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेता येत नाही, आणि मुद्दलापेक्षा अधिक व्याज वसूल करता येत नाही. आपल्या आजी-आजोबांना ठाऊक असलेला दामदुपटीचा नियम तो हाच. या गृहस्थांनी एकदाच, ओळखीपोटी पैसे दिले असतील तर त्याला धंदा म्हणता येणार नाही. पण ते आणखी कोणाकोणाला असेच टक्क्याने पैसे देत असतील, तर सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे लेखी तक्रार करता येते आणि खटल्यातही हा मुद्दा घेता येतो. मात्र या कायद्याचा उपयोग मुद्दल बुडवण्यासाठी करण्याचा विचार मनात आणू नका. दीड लाख रुपये शस्त्रक्रियेच्या वेळी तुमच्या उपयोगी पडले आहेत. १८ टक्के दर धरला तर दोन वर्षांचे साधे व्याज ५४,००० रुपये होते, म्हणजे एकूण २,०४,०००. त्यातून तुम्ही दिलेले १,०५,००० वजा केले की ९९,००० रुपये राहतात. चेकवर लिहिलेले तीन लाख आणि हे ९९,००० यांच्यामध्ये तडजोड व्हायची आहे, आणि तुम्ही बोलणी खालच्या टोकापासून, हिशेबाचा कागद पुढे ठेवून सुरू करावीत.

बोरिवलीच्या पहिल्या तारखेला पतीसोबत वकील असावेत, आणि आधारकार्ड, राहत्या पत्त्याचा पुरावा व दोन छायाचित्रे जवळ असावीत, कारण जातमुचलका (स्वतःची लेखी हमी) किंवा जामीन द्यावा लागेल. समन्सवरचा सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक ई-कोर्ट्स ॲपवर टाकला की खटल्याची स्थिती आणि पुढची तारीख दिसते. असा क्रमांक नसलेल्या, व्हॉट्सॲपवर आलेल्या "वॉरंट"ना भिऊ नका. न्यायाधीश पतीला गुन्हा कबूल आहे का असे विचारतील. न्यायालयाच्या दडपणाखाली, किंवा "पैसे तर घेतले होते" या प्रामाणिक भावनेने, पुष्कळ माणसे होय म्हणून मोकळी होतात आणि त्याच दिवशी दोषी ठरतात. पैसे घेतले होते हे मान्य करणे आणि तीन लाखांचे देणे मान्य करणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे पतीला आदल्या रात्री शांतपणे समजावून सांगा. गुन्हा नाकबूल केल्यावर न्यायालय चेकच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, म्हणजे तुमच्या बाबतीत ६०,००० रुपयांपर्यंत, अंतरिम भरपाई द्यायला सांगू शकते. तसा आदेश प्रत्येक खटल्यात होतोच असे नाही, पण झाला तर धांदल उडू नये म्हणून तुमचे सोने बँकेसाठी मोडू नका, याच कामासाठी राखून ठेवा. तडजोड ठरली तर ती लेखी पुरसिस (न्यायालयाला द्यायचे निवेदन) देऊन न्यायालयातच नोंदवा आणि पैसे न्यायालयात किंवा खात्यातून द्या. चहाच्या टपरीवर रोख पैसे देऊन "केस मागे घेतो" या शब्दावर घरी परतलेल्या माणसांचे खटले पुढे वर्षानुवर्षे चालू राहिलेले मी पाहिले आहेत.

पतपेढीचे प्रकरण वेगळ्या प्रकारे अवघड आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली उपनिबंधक चौकशी करून वसुली दाखला देतात, आणि एकदा तो दाखला निघाला की त्यावर जंगम व स्थावर मालमत्तेच्या जप्तीपर्यंत कारवाई होऊ शकते. त्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करायचा झाल्यास येणे रकमेच्या ५० टक्के आधी भरावे लागतात, म्हणजे तुम्हाला ८०,००० रुपये भरल्याशिवाय दादही मागता येणार नाही. म्हणून बोलण्याची खरी जागा दाखल्यानंतरची नाही, आत्ताची आहे. सुनावणीला जा, कर्जखात्याचा उतारा मागा, भरलेल्या सर्व पावत्या लावा, पतीच्या नावावरची भागांची (शेअर्सची) रक्कम आणि ठेव असल्यास ती वळती करून घेण्याची विनंती करा, आणि महिना पाच हजारांचा लेखी प्रस्ताव ठेवा. पहिला हप्ता त्याच दिवशी भरून पावती घेतलीत तर प्रस्तावाला वजन येते. पतपेढीच्या संचालकांना खटला लढवण्यापेक्षा खाते चालू झालेले अधिक हवे असते.

आणि भावाशी बोला, ताई. तुमच्या पत्रात तुम्ही त्याला नोटिशीविषयी सांगितल्याचा उल्लेख नाही. भारतीय करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराकडून वसूल करा आणि मग माझ्याकडे या, असे म्हणण्याचा त्याला सहसा अधिकार नसतो. त्याने तुमच्यावर विश्वास ठेवून सही केली. ही बातमी त्याला पगाराच्या चिठ्ठीतून कळण्यापेक्षा बहिणीच्या तोंडून कळावी, आणि तुम्ही काय करणार आहात तेही त्याच बैठकीत कळावे, असे मला मनापासून वाटते.

बँकेविषयी थोडक्यात. रिझर्व्ह बँकेने १२ ऑगस्ट २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांप्रमाणे वसुलीसाठी सकाळी ८ पूर्वी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही, धमकावता येत नाही, आणि कर्जदाराचे नातेवाईक किंवा परिचित यांना गाठून त्याची मानहानी करता येत नाही. रात्रीच्या फोनची वेळ व क्रमांक एका वहीत लिहून ठेवा, सेक्रेटरींना आलेल्या फोनविषयी त्यांच्याकडून दोन ओळी लिहून घ्या, आणि बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेलने तक्रार करा. ३० दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. त्यासाठी १४४४८ हा क्रमांक आहे. त्याच ईमेलमध्ये शस्त्रक्रियेची कागदपत्रे जोडून मुदत वाढवून हप्ता कमी करण्याची विनंती करा आणि थकबाकीतील दंडाची फोड मागा, कारण रिझर्व्ह बँकेच्या १८ ऑगस्ट २०२३च्या परिपत्रकाप्रमाणे दंडाची रक्कम मुद्दलात मिसळून तिच्यावर पुन्हा व्याज आकारता येत नाही. पुढे एकरकमी तडजोडीचा प्रस्ताव आला, तर बँकेच्या अधिकृत पत्राशिवाय एक रुपयाही देऊ नका आणि कोणत्याही एजंटच्या हाती रोख देऊ नका. पूर्ण रकमेपेक्षा कमी भरून मिटवलेल्या कर्जाची नोंद पतअहवालात तशीच राहते हेही ध्यानात असू द्या.

बँकेबाबत दोन सावधगिरीच्या सूचना मात्र आवश्यक आहेत. हप्ता खात्यातून आपोआप वळता होण्याची सूचना दिलेली असेल आणि ती परत जात असेल, तर २००७च्या देयक व निपटारा प्रणाली कायद्याच्या कलम २५ प्रमाणे तीही न वटलेल्या चेकसारखीच मानली जाते. म्हणून बँकेकडून आलेले प्रत्येक पाकीट उघडा. दुसरे म्हणजे पतीचा पगार त्याच बँकेत जमा होत असेल, तर कँटीनच्या मालकांना सांगून तो दुसऱ्या बँकेतील खात्यात घ्या, नाहीतर पगाराच्या दिवशीच बँक आपले येणे त्यातून वळते करू शकते.

मूळ पत्रात तुम्ही सर्वांत जास्त भीती व्यक्त केली आहे ती घरातल्या वस्तू उचलून नेतील याची. बँकेचे वसुलीवाले न्यायालयाच्या आदेशाशिवाय तुमच्या दारात येऊन काहीही उचलू शकत नाहीत. तसे कोणी केले तर ११२वर पोलिसांना बोलवा. न्यायालयाचा हुकूमनामा झाल्यानंतरसुद्धा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० ने अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे आणि धार्मिक रूढीप्रमाणे स्त्रीला जे अलंकार अंगावरून उतरवता येत नाहीत ते जप्तीतून वगळले आहेत. तुमचे मंगळसूत्र त्यात येते. भविष्यनिर्वाह निधीलाही हात लावता येत नाही. पगाराच्या बाबतीत पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित असतात, म्हणजे पतीच्या २२,००० पैकी जास्तीत जास्त ७,००० रुपयांवर जप्ती येऊ शकते, आणि तीही एका हुकूमनाम्यासाठी २४ महिन्यांपेक्षा अधिक नाही. तुम्ही स्वतः कोणत्याही कर्जावर सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केलेली नसेल, तर तुमच्या पगाराचा या देण्यांशी संबंध येत नाही. खोली सासूबाईंच्या नावावर आहे, मुलाच्या कर्जासाठी तिच्यावर जप्ती आणता येत नाही. तेव्हा "खोली लिहून द्या, सगळे मिटवतो" असे सांगत कोणी आले तर त्या माऊलीला कोणत्याही कागदावर सही करू देऊ नका. आणि तुरुंगाविषयी: पैसे नसणे या एका कारणासाठी दिवाणी कैदेत टाकता येत नाही, ऐपत असून बदमाशीने टाळणाऱ्यासाठीच ती तरतूद आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच सांगितले आहे. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला तर अटक करताच येत नाही.

तुम्ही बाजूला काढू शकता त्या आठ-नऊ हजारांतून पाच हजार पतपेढीला द्या, उरलेले चेकच्या तडजोडीसाठी वेगळ्या खात्यात साठवा, आणि बँकेला तूर्त फक्त पत्रव्यवहार द्या. बँकेचे व्याज या काळात वाढेल, ती कदाचित नगर दिवाणी न्यायालयात दावाही लावेल, आणि लावला तर त्यालाही मुदतीत उत्तर द्यावे लागेल. तरीही आज तिन्ही ठिकाणी थोडे थोडे देऊन कुठेच काही न मिटण्यापेक्षा मला हा मार्ग अधिक सुरक्षित वाटतो. नवे कर्ज काढून जुने फेडण्याचा मोह, विशेषतः फोनवरच्या ॲपमधून, कृपा करून टाळा. वकिलांच्या खर्चासाठी न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा समितीकडे अर्ज करा. महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न तीन लाखांपेक्षा कमी असलेल्या व्यक्तीला मोफत वकील मिळू शकतो आणि पतीचे वार्षिक उत्पन्न २,६४,००० रुपये आहे. चौकशीसाठी १५१०० हा क्रमांक आहे.

पतीच्या हृदयाची काळजी म्हणून एक सुचवते. वसुलीचे सर्व फोन यापुढे तुम्ही घ्या, आणि "जे सांगायचे ते लेखी पाठवा" एवढेच बोलून ठेवून द्या. दिरांना माझा नमस्कार सांगा, आणि गावी नेण्याऐवजी त्यांनी बोरिवलीच्या तारखेला तुमच्या पतीसोबत येऊन जामीन राहावे अशी विनंती करा. गणपतीला मालवणला जरूर जा. फक्त तिकीट काढण्याआधी ॲपवर पुढची तारीख पाहून घ्या.